गाडी सुरू झाली नाही म्हणून

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मार्लिस केटोलाच्या जुन्या गाडीनं राम म्हटला. मेकॅनिकनं ती वर उचलली, खालून स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो सरळ आरपार गेला. आमच्याकडे बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. चौदा हिवाळे ते मीठ खाऊन गाडीचा तळ पापडासारखा झाला होता. मेकॅनिकनं हात पुसत सांगितलं, की बाई, हिच्यावर आता एक पैसा घालू नका.

मंडळी, हा प्रसंग तुमच्याआमच्या कुणाच्याही घरात येतो. वस्तू हवी, ताबडतोब हवी आणि हातात पैसे बेताचे. मार्लिसनं चार हजार डॉलर बाजूला ठेवले होते, तेवढेच. नवरा डेल खनिज वाहणाऱ्या जहाजावर कामाला. समुद्राएवढं आमचं सरोवर गोठून जहाजं थांबेपर्यंत, म्हणजे जानेवारीच्या मध्यापर्यंत, तो काही घरी येत नव्हता. फोनवर तो म्हणाला, तुला पटेल ती घे. नवरे असं म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो, की उद्या बिघडली तर माझ्याकडे बघू नकोस.

आमचं पेल्टो कॉर्नर हे गाव अमेरिकेत, मिशिगन राज्याच्या पार उत्तर टोकाला. इथं बस नाही, टॅक्सी नाही. गाडी नाही तर काम नाही. आणि मार्लिसचं काम म्हणजे गाडीवरचंच. एका संस्थेतर्फे ती एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायची. कुणाला आंघोळ घालायची, कुणाची औषधं काढून ठेवायची. रविवार सोडून रोज पाच घरं, आणि त्यांतलं पहिलं हिल्माबाई लॅसिलांचं, सकाळी सातला.

हिल्माबाई एकोणऐंशीच्या. ऑक्टोबरात पायरीवरून घसरून उजवं मनगट मोडलं आणि हात प्लास्टरमध्ये गेला. घरात लाकडाची शेगडी. रात्रीचा विस्तव पहाटेपर्यंत विझतो, आणि एका हातानं शेडमधून ओंडके आणणं काही जमत नाही. मार्लिसनं सातला यायचं, शेगडी पेटवायची, दिवसभराची लाकडं आत आणून रचायची, मग बाकीचं. ती वेळेवर पोचते की नाही यावर एका म्हाताऱ्या बाईची ऊब अवलंबून होती, हे लक्षात असू द्या.

आता खरं सांगायचं तर गाडी निवडणं एवढं अवघड नव्हतंच. ते अवघड करून ठेवलं समोरच्या घरानं.

समोर राहायची रोंडा, मार्लिसची थोरली जाऊ, डेलच्या मोठ्या भावाची, वेनची बायको. ऑक्टोबरातच तिच्या दारात एक लालभडक, उंच गाडी येऊन उभी राहिली होती. चारही चाकांनी ओढणारी. दोनच वर्षं वापरलेली, पण मार्लिसच्या नजरेला ती नवीकोरीच दिसायची. मार्लिस सकाळी अंगणात उभी राहून काचेवरचा बर्फ खरवडत असायची, बोटं बधिर, नाक गळतंय. आणि समोर रोंडा गाऊनवर, कॉफीचा कप हातात घेऊन खिडकीशी. तिनं आतून एक बटण दाबलं की लाल गाडी आपली आपण सुरू व्हायची. रोंडा दुसरा कप संपवून बाहेर येईपर्यंत गाडी आतून गरम झालेली असायची.

मार्लिसचा जीव असा जळायचा, की विचारू नका. चर्चच्या हॉलमध्ये कॉफी पिताना रोंडा चारचौघींत म्हणाली, "अगं, सीटसुद्धा गरम होते. बसल्या बसल्या बूड शेकतं." सगळ्या हसल्या, मार्लिसही हसली. घरी येऊन तिनं निसू नावाच्या गोड पावाचं पीठ असं काही मळलं, की त्या पिठाचा काय गुन्हा होता ते त्यालाच ठाऊक. वेलदोड्याचा वास घरभर सुटला आणि हिच्या डोक्यात लाल गाडीच. रोंडाचं सगळं आधी होतं. आधी लग्न, आधी घर, नवरा रोज संध्याकाळी जेवायला घरी. आपला नवरा वर्षातले दहा महिने पाण्यावर. आणि आता ही गाडी. मार्लिसनं सकाळी समोर बघून हात हलवणंसुद्धा सोडलं होतं.

जुनी गाडी गेली तेव्हा हिल्माबाईंना ते पहिल्यांदा कळलं, कारण मेकॅनिकनं थोड्या दिवसांपुरती उसनी दिलेली गाडी घेऊन मार्लिस त्यांच्या दारात आली. या बाई म्हणजे गाड्यांच्या बाबतीत जुनं खोड. एकतीस वर्षं त्यांनी खेड्यापाड्यांतून टपाल वाटलं होतं, तेही स्वतःच्या गाडीनं, कारण आमच्याकडे खेड्यातलं टपाल वाटणाऱ्याला गाडी स्वतःची लागते. एकतीस हिवाळ्यांत अकरा गाड्या त्यांनी वापरल्या. एकही नवी नव्हती, आणि त्या सांगायच्या, एकही देखणी नव्हती.

त्यांनी मार्लिसला टेबलाशी बसवलं आणि डाव्या हातानं वाकड्यातिकड्या अक्षरांत कागदावर लिहून दिलं. गाडीखाली स्वतः झोपून बघायचं. तळाला ताजा काळा रंग फासलेला दिसला की समजायचं, खाली गंज झाकलाय. बॅटरी कोणत्या सालातली ते वाचायचं. टायर बर्फाचे हवेत, बारमाही नकोत. बारमाही टायरचं रबर कडाक्यात दगडासारखं होतं. आणि शेवटची ओळ त्यांनी दोनदा अधोरेखित केली, की गाडी थंड असताना सुरू करून बघायची. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवायचं, की आम्ही येईपर्यंत हात लावू नका.

यात एक अडचण होती, ती इथलीच. आमच्याकडे कुणी दाराशी येणार असलं, की त्याच्यासाठी गाडी आधीच सुरू करून, गरम करून ठेवतात. तो पाहुणचार आहे. थंडगार गाडीत माणसाला बसवणं म्हणजे उंबऱ्यावर उभं करून ठेवण्यासारखं. आणि तुमची गाडी गरम करू नका असं सांगणं म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही असं तोंडावर म्हणणं. आमची माणसं अशा वेळी मेली तरी तोंड उघडत नाहीत.

मार्लिस म्हणाली, "पण हिल्माबाई, चारही चाकं ओढणारी असली म्हणजे बर्फात प्रश्नच नाही ना?"

"पोरी, चार चाकं ओढतात ती निघताना. थांबताना सगळ्या गाड्या सारख्याच. निघता आलं नाही तर माणूस घरी राहतो. थांबता आलं नाही तर कुठं राहतो, ते मी टपाल वाटताना खड्ड्याखड्ड्यांत बघितलंय."

एक गाडीही त्यांनी सुचवली. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे निवृत्त गृहस्थ होते, त्यांची. बदामी रंगाची, बसकी, लांबलचक. साडेतीन हजार, वर बर्फाच्या चार टायरांचा जोड. मार्लिस जाऊन बघून आली. गाडीत खोट काढायला काही नव्हतं. तळ घट्ट, कागदपत्रं नीटनेटकी. पण त्या बदामी दारावर हात ठेवल्या ठेवल्या तिच्या डोळ्यांपुढे रोंडाची खिडकी उभी राहिली. रोंडा कॉफी पिता पिता बघणार आणि म्हणणार, अगंबाई, मार्लिसनं कुणा आजोबांची गाडी उचलून आणली! रोंडा असं म्हणालीच असती असं नाही. पण मत्सराला साक्षीपुरावा लागत नाही, तो आपलीच वाक्यं दुसऱ्याच्या तोंडी घालतो. मार्लिसनं विचार करून सांगते म्हटलं आणि सांगितलं नाही. दोन दिवसांनी शाळेतल्या नव्या मास्तरीणबाईंनी ती गाडी नेली.

मग मार्लिसला दिसली काळी गाडी. शहराच्या वाटेवर डीन नावाच्या एका माणसानं फलक लावला होता. उंच, रुंद, चारही चाकांनी ओढणारी. रोंडाच्या गाडीहून चार बोटं उंचच. आपल्या अंगणात ती उभी राहिली की समोरच्या खिडकीतून काय दिसेल, हे मार्लिसनं मनातल्या मनात बघूनही टाकलं.

ती पोचली तेव्हा डीननं गॅरेजमधून गाडी बाहेर काढून, सुरू करून, आतून ऊबदार करून ठेवली होती. "या बाई, बसा, गारठला असाल." माणूस भला होता. खोटं तो एक शब्दही बोलला नाही, हे मी मुद्दाम सांगतो. गाडी रोज गरम गॅरेजमध्ये असायची हे कुणी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. मार्लिसनं विचारलं नाही. हिल्माबाईंचा कागद कोटाच्या खिशात होता, तो खिशातच राहिला. वाकून खाली बघितलं तर स्वच्छ, काळा, तकतकीत तळ. तिला वाटलं, किती निगा राखली आहे! चार हजार मोजून दिले. टायर बारमाही होते, पण टायरांना आता पैसे उरले नव्हते.

नाकापेक्षा मोती जड, पण मिरवायला छान. पहिल्या रविवारी रोंडा रस्ता ओलांडून आली, गाडीभोवती फिरली, म्हणाली, छान आहे गं, मोठी आहे. मार्लिसला त्या 'मोठी आहे'नं जे सुख झालं, ते डेलनं आणलेल्या कुठल्याच भेटीनं झालं नव्हतं. तीन आठवडे ती हवेत होती. हिल्माबाईंनी खिडकीतून काळी गाडी बघितली आणि विचारलं, थंड सुरू करून बघितलीस? मार्लिस म्हणाली, हो. हे तिचं पहिलं खोटं.

डिसेंबरच्या मध्यावर थंडी पडली, ती खरी. एका सोमवारी सकाळी पारा शून्याखाली बावीसवर. आमच्याकडे अशा दिवसांसाठी इंजिनाला एक वायर बसवून घेतात. रात्री ती अंगणातल्या प्लगला लावून ठेवली की इंजिन गोठत नाही. काळ्या गाडीला ती वायरच नव्हती. गरम गॅरेजमध्ये राहणाऱ्या गाडीला तिची गरज काय? साडेसहाला मार्लिसनं किल्ली फिरवली. गाडी कण्हली. पुन्हा फिरवली, पुन्हा कण्हली. चौथ्यांदा नुसती टिकटिक. बॅटरी सात वर्षांची होती, ते तिनं आत्ता वाकून वाचलं.

समोर रोंडाच्या स्वयंपाकघरात दिवा होता. लाल गाडी आपली आपण सुरू होऊन धूर सोडत उभी होती. रस्ता ओलांडायला वीस पावलं. दार ठोठावायचं आणि म्हणायचं, रोंडा, गाडी सुरू होत नाही, मला हिल्माबाईंकडे सोड. दोन वाक्यं. ती दोन वाक्यं मार्लिसला जमेनात. तीन आठवड्यांपूर्वी जिला गाडी दाखवून मिरवलं, तिच्याच दारात आता भीक मागायची? त्यापेक्षा ती गाडीत बसून राहिली. मग घरात जाऊन पडद्याआडून बघत राहिली. रोंडा कधी तरी कामाला निघेल, खिडकी रिकामी होईल, मग दुसऱ्या कुणाला तरी फोन करू, असा तिचा हिशेब. म्हणजे बघा, वीस पावलांवर मदतीला उभी असलेली एकमेव गाडी निघून जाण्याची ही बाई वाट बघत होती!

मध्येच तिनं हिल्माबाईंना फोन केला. हिल्माबाई म्हणाल्या, "इथं सगळं ठीक आहे. सावकाश ये." आमच्याकडच्या माणसाचा पाय कापला गेला तरी तो 'सगळं ठीक' म्हणतो, हे मार्लिसला जन्मापासून ठाऊक होतं. तरी तिनं त्या शब्दांवर विश्वास ठेवला, कारण तिला तो ठेवायचाच होता. मग संस्थेला फोन लावला. गाडी सुरू झाली नाही, म्हणाली. तिकडून लगेच उत्तर आलं, हो हो, आज सगळ्यांचंच तसं आहे. या कारणाला आमच्याकडे कुणी उलटं विचारत नाही. थंडीनं गाडी बंद पडली म्हणजे कुणाचाही दोष नाही.

सव्वासातला रोंडा बाहेर आली आणि तिनं लाल गाडी बंद केली. कामावर सुट्टी दिली असावी. ती परत घरात गेली, आणि मार्लिसला एकदम कळलं, की खिडकी काही रिकामी होणार नाही. आणि त्याच क्षणी आठवलं, की काल रविवार होता. रविवारी ती जात नाही. शनिवारी आत रचलेली लाकडं या थंडीत सोमवारपर्यंत पुरलीच नसतील. अरे देवा! ती बाई पहाटेपासून विझल्या शेगडीपुढे बसलीय, आणि मी इथं पाऊण तास पडद्यामागे!

ती तशीच, टोपी न घालता, रस्ता ओलांडून गेली.

रोंडानं लगेच किल्ल्या घेतल्या, गाऊनवरच कोट चढवला. पण गाडी चालवताना तिचे दोन्ही हात चाकाला असे आवळलेले होते की बोटांची पेरं पांढरी. वेग इतका कमी की चालत गेलो असतो तर बरं. मार्लिसला राहवेना. ती म्हणाली, चारही चाकं ओढतात ना, मग जरा वेगानं घे.

"मला भीती वाटते हिची," रोंडा समोर बघत म्हणाली. "दोनदा घसरलेय. वेनलासुद्धा नाही सांगितलं."

हिल्माबाईंच्या वळणावर रोंडानं ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. टायर दुकानातून आले तेच, बारमाही. चारही चाकं घसरली आणि ती एवढी थोरली लाल गाडी काही घाई नसल्यासारखी सरळ पुढे गेली आणि कडेच्या बर्फात नाक खुपसून उभी राहिली. दोघींना लागलं काहीच नाही. दोघी उतरल्या आणि उरलेला पाव मैल पायी निघाल्या, एक टोपीशिवाय, दुसरी गाऊनवर.

हिल्माबाई स्वयंपाकघरात कोट, टोपी, दोन शाली लपेटून बसल्या होत्या. ओठ निळसर. शेगडीत फळांच्या खोक्याच्या दोन फळ्या जळून राख झाल्या होत्या. बाजूला एका स्टुलाचे दोन पाय उखडून ठेवलेले, पण एका हातानं पुढं जमलं नव्हतं. लाकडं आणायला त्या शेडच्या पायरीपर्यंत गेल्या होत्या आणि बर्फ बघून परत फिरल्या होत्या. पुढे पाऊल टाकलं असतं तर काय झालं असतं ते मार्लिसला कुणी सांगायची गरज नव्हती. ती शेडकडे धावली. रोंडानं म्हातारीचे पाय मांडीवर घेतले आणि चोळायला बसली.

अर्ध्या तासानं शेगडी धडधडली, कॉफी झाली, ओठांवर रंग आला. तेव्हा मार्लिसनं सांगितलं. सगळं सांगितलं. साडेसहाला गाडी बंद पडली आणि सव्वासातला मी रोंडाकडे गेले. मध्ये पडद्याआड उभी होते. आणि थंड सुरू करून बघितली होती हे मी खोटं बोलले.

हिल्माबाईंनी 'जाऊ दे' म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "गाडीला थंडी बाधली, ते मला कळतं. लोखंड आहे ते. तुला काय बाधलं?"

मार्लिसनं जावेकडे बघितलं नाही. "हिची लाल गाडी," ती म्हणाली.

 रोंडाला रडू फुटलं, आणि रडता रडताच ती म्हणाली, "अगं, मला कुठं हवी होती ती! वेनच्या साहेबाच्या बायकोकडे तसलीच पांढरी आहे. दर खेपेला तिची ती गरम सीट ऐकून ऐकून माझ्या डोक्यात गेलं होतं."

"आणि तिनं कुणाची बघून घेतली असेल?" हिल्माबाईंनी विचारलं. "विचारत गेलीस तर पार समुद्रापर्यंत जाशील, आणि बर्फात चालवायला कोणती गाडी बरी, एवढंच बघून घेतलेला माणूस एकही भेटायचा नाही. एकतीस वर्षं मी लोकांच्या दारांत गाडी नेली. माझी गाडी कोणत्या रंगाची होती, हे आज एकालाही आठवत नाही. पेन्शनचा चेक वादळातही आला होता, हे मात्र सगळ्यांना आठवतं. गाडी दारात कशी दिसते ते शेजारी बघतो. ती पोचते की नाही, ते वाट बघणारा बघतो. तू कुणासाठी घेतली होतीस?"

मार्लिस उठून शेगडीत आणखी दोन ओंडके घालायला लागली.

तो आठवडाभर रोंडानंच मार्लिसला पाचही घरी पोचवलं. बर्फ काढणाऱ्या गाडीवाल्यानं लाल गाडी ओढून बाहेर काढून दिली होती, आणि रोंडानं त्याच दिवशी गरम सीटचा सोस विसरून बर्फाचे चार टायर घालून घेतले. काळी गाडी डीननं परत घेतली, जरा कमी पैशांत, आणि ओशाळून म्हणाला, बाई, तुम्ही विचारलं असतं तर. मार्लिस म्हणाली, बरोबर आहे, मी विचारलं नव्हतं.

गुरुवारी दोघी मिळून एका निवृत्त सुताराची गाडी बघायला गेल्या. आदल्या दिवशी मार्लिसनं फोनवर सांगितलं होतं, की आम्ही सकाळी सातला येऊ, तोवर गाडी बाहेरच राहू द्या आणि कृपा करून गरम करू नका. पलीकडून तुटक 'बरं' आलं. मार्लिसचे कान लाल झाले, पण तिनं शब्द मागे घेतला नाही. सकाळी ती गाडीखाली पाठीवर झोपली, रोंडानं वरून टॉर्च धरला. स्क्रूड्रायव्हरनं जागोजागी ठोकलं, सगळीकडे टणक. गाडीचा रंग शेवाळी, डाव्या दाराला पोचा. रोंडा म्हणाली, रंग काय भयंकर आहे गं. मार्लिस म्हणाली, आहेच. मग किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली आणि सुरू झाली. सुतारबुवांनी तेव्हा कुठे दोघींना आत बोलावून कॉफी दिली, आणि कबूल केलं, की असं विचारणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदाच भेटलं.

शुक्रवारी संस्थेच्या ऑफिसात आठवड्याचा तक्ता भरायचा असतो. कुठे उशीर झाला असेल तर त्यापुढे कारण लिहायचं. सोमवारच्या ओळीत ऑफिसातल्या बाईंनी मार्लिसच्या वतीनं आधीच लिहून ठेवलं होतं: गाडी सुरू झाली नाही. असं लिहिलं की ठपका लागत नाही. दोन ठपके लागले की ते घर दुसऱ्या कुणाला देतात, आणि हिल्माबाईंचं घर मार्लिसला गमावायचं नव्हतं. 

तरी तिनं ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं: गाडी साडेसहाला बंद पडली. मी मदत सव्वासातला मागितली. मधली पंचेचाळीस मिनिटं माझी.

ऑफिसातल्या बाईंनी वाचलं. चष्मा वर केला, परत वाचलं. "अगं मार्लिस, असं लिहिलंस तर ठपका लागेल."

"लागू दे," मार्लिस म्हणाली, आणि सही केली.

वाचकहो, जुनी गाडी घेताना काय बघावं हे चार जाणत्या माणसांना विचारा, सांगतील. टायर बघा, गंज बघा, थंड असताना सुरू करून बघा, आणि हे विचारायला लाजू नका. पण त्याआधी एकदा स्वतःला विचारा, की ही वस्तू मी कुणाच्या खिडकीसाठी घेतोय. उत्तरात शेजाऱ्याचं नाव आलं तर त्या दिवशी काही घेऊ नका, घरी परत या. दुसऱ्याचं बघून घेतलेल्या वस्तूची किंमत आपण एकटे मोजत नाही. ती कुठं तरी, विझल्या शेगडीपुढे, आपली वाट बघणारं माणूस मोजत असतं.